मी अजून कडू आहे

मी माती बोलतेय. पिवळी नदी आणि छिन नदी यांच्या मधल्या पट्ट्यात, कालव्याला लागून जी तीन मू, म्हणजे जेमतेम अर्धा एकर, जमीन आहे, तीच मी. ऐकायचं असेल तर बांधावर बसा. खिशात बाटली, पिशवी, चमचा असं काही असेल तर आधी बाहेर काढून दाखवा. तुम्ही चांगले असालही, पण खात्री करून घेतल्याशिवाय मी कोणाशी बोलत नाही.

हा स्वभाव माझा जन्माचा नाही, लोकांनी लावलाय. माझा जन्म पुराचा. दूर पश्चिमेच्या डोंगरांवरून नद्यांनी मला चिमटीचिमटीने आणलं, इथे पाणी पसरून संथ झालं तेव्हा खाली ठेवलं आणि त्या आपल्या वाटेने निघून गेल्या. वाळूवर गाळ, गाळावर वाळू असे थर बसले. म्हणून मी फार चिकट नाही आणि अगदी भुसभुशीतही नाही. पाणी माझ्यात मुरतं, पण तुंबत नाही. त्या काळात मी भोळी होते. जे बी पडेल ते रुजवायचे.

मग माणसांनी माझ्यात तीहुआंग लावलं आणि माझा भोळेपणा संपला.

तीहुआंग म्हणजे लवदार पानांचं, जमिनीला चिकटून बसणारं एक झुडूप. वर बघाल तर दोन पैशांचं वाटणार नाही. पण खाली त्याची पिवळी, गाजरासारखी मुळं धरतात, आणि ती मुळं नऊ वेळा वाफवून नऊ वेळा उन्हात घातली की काळी कुळकुळीत होतात. वैद्य लोक ती रक्तासाठी देतात, म्हातारपणी कंबर धरते त्यासाठी देतात. या मुळात जे औषध आहे ते मूळ स्वतःच बनवतं, पण किती बनवायचं हे बरंचसं माझ्या हातात असतं. चिकट मातीत त्याला फाटे फुटतात. पाणथळीत ते कुजतं. नत्राचं खत ओतून त्याला लाडावलंत तर मनगटाएवढं फुगतं आणि आत नुसतं पाणी. मी त्याला पोटॅश पोटभर देते, पाणी जरा हात आखडून देते, थोडा त्रास देते. त्रास झाला की ते आपल्या बचावासाठी कडू रसायनं साठवायला लागतं, आणि माणसं त्यालाच औषध म्हणतात. प्रयोगशाळेत त्यातल्या एकाचं नाव कॅटलपॉल आहे म्हणे. मला नावाशी काय करायचंय?

इथलं मूळ आडवं कापलं की आत शेवंतीच्या फुलासारख्या रेषा दिसतात. हेच बेणं लोकांनी दक्षिणेत नेऊन लावून पाहिलं. रेषाही नाहीत आणि गुणही नाही. मग काय, व्यापाऱ्यांनी अक्कल चालवली. एक गृहस्थ आला, गोड बोलला, कुंड्यांसाठी हवी म्हणून चार पोती माती भरून घेऊन गेला. नंतर कळलं की परगावची मुळं माझ्यात घोळवून तो ‘अस्सल इथली’ म्हणून विकत होता. माझ्याच अंगाचा चिखल फासून दुसऱ्याच्या पोरांना माझी पोरं म्हणवलं. तेव्हापासून कोणी वाकून मला मुठीत घेतलं की मी आधी त्याचे खिसे बघते.

तीहुआंगची आणखी एक गोष्ट आहे, आणि सगळं रामायण त्यावरूनच घडलं. हे पीक एकदा घेतलं की मी विटते. जाताना ते माझ्यात काहीतरी कडू सोडून जातं, माझ्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव बिघडतात, आणि त्याच जागी पुन्हा तेच लावलं तर रोप महिनाभर हसतं आणि मग रुसून बसतं. मुळं धरायच्या ऐवजी नुसत्या केसांसारख्या तंतूंचा गुंता होतो. त्याला उपाय नाही. दहा वर्षं थांबायचं, मका घ्यायचा, गहू घ्यायचा, वाट पाहायची. त्यामुळे आमच्या गावात सोयरीक जुळवताना विचारणार नाहीत इतकं जमिनीबद्दल विचारतात. हिने तीहुआंग कधी खाल्लं? नक्की? कोणी पाहिलं? उत्तर खरं मिळेलच असं नाही.

म्हणून गावाला फूगन लागायचा.

छ्याओ फूगन माझा मालक. बुटका, रुंद हातांचा, बोलायला कमी. त्याच्या जिभेवर सगळ्या पट्ट्याचा विश्वास. जमीन भाड्याने घ्यायची असली की लोक त्याला बोलावत. तो बांधावर उकिडवा बसायचा, एक वीत खोल खणायचा, चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि थुंकायचा. मग म्हणायचा, ‘गोड आहे, लाव.’ किंवा म्हणायचा, ‘कडू आहे, अजून तीन वर्षं थांब.’ त्याचा शब्द कधी खोटा ठरला नाही. साऱ्या जगावर मी संशय घेतला, पण त्याच्या जिभेवर नाही. त्या जिभेवर मी कितीदा तरी विरघळले आहे.

पाच वर्षांमागे, वसंत सुरू होताना फूगनला अर्धांगाचा झटका आला. त्याची एकुलती एक मुलगी लीशिया चंगचौ शहरात शिवणाच्या कारखान्यात होती. ती आली आणि बापाला दवाखान्यात घेऊन गेली. दोन वर्षं तो तिच्याकडेच राहिला. मला सांभाळायला ठेवलं त्याच्या पुतण्याकडे, छुनलायकडे.

‘काका, काळजी नको. मी मका लावतो,’ असं तो फोनवर म्हणाला. माझ्याच छातीवर उभा राहून म्हणाला, म्हणून मी ऐकलं.

मका त्याने लावला, नाही असं नाही. रस्त्याच्या बाजूला चार ओळी, कालव्याच्या बाजूला चार ओळी, दाट आणि उंच. आणि मधे सगळं तीहुआंग. मी तेव्हा फक्त सात वर्षं विसावले होते. पीक जेमतेम आलं, पण आलं. हिवाळ्याच्या तोंडाशी धुकं पडलं तसं त्याने ते खणून नेलं आणि मला नांगरून सारखी केली. ज्या एकदोघांनी पाहिलं त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. कुंपणच शेत खायला लागलं तर शेताने सांगायचं कोणाला?

फूगन परत आला तेव्हा त्याचा डावा हात लुळा होता, पण चालत होता. लोक पुन्हा बोलावू लागले, तो पुन्हा माती चाखू लागला. छुनलायने मला मुकाट्याने परत केलं. दोन हंगाम मी गहू पिकवला आणि गप्प राहिले.

मग गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात लीशिया कायमची म्हणून घरी आली. पस्तिशीची, बापासारखीच बुटकी, डोळ्यांत झोप नसलेली. कारखाना सोडला होता. नवऱ्याने शहरातून बजावलं होतं, एक पीक घेऊन बघ, नाही जमलं तर गुपचूप परत ये. ती परत गेली असती तर एका हाताचा म्हातारा या घरात एकटा राहणार होता, कारण शहरात तो आता पाऊल टाकायला तयार नव्हता. तिथे भिंतींशी बोलून वेड लागायची पाळी आली म्हणाला. म्हणजे लीशियाचं राहणं आणि बापाचं जगणं या एका पिकावर येऊन ठेपलं होतं. आणि ते पीक ती माझ्यात घेणार होती.

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही, खरं सांगते. हातमोजे घालून आली. मला पाच ठिकाणी भोसकलं, पाच पिशव्यांत भरलं, पिशव्यांवर आकडे लिहिले आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाठवलं. पुन्हा तोच प्रकार, मी मनात म्हटलं, ही पण मला कोणाच्या तरी मुळांना फासणार. कागद आला. आम्लता योग्य, पोटॅश उत्तम, सेंद्रिय अंश चांगला. सगळं खरं होतं. त्यांनी मला जे जे विचारलं त्याचं मी खरं उत्तर दिलं होतं. पण तू दमलीस का, असं कोणी विचारलंच नव्हतं, आणि त्या कागदावर तसा रकानाही नव्हता.

कागद हातात घेऊन लीशिया बापाला म्हणाली, की तरीही तुम्ही एकदा चाखून बघा. मला हायसं वाटलं. आता फूगन चाखेल, तोंड वाकडं करेल, थुंकेल आणि सगळं उघडं पडेल.

तो बसला. वीतभर खणलं. मला जिभेवर ठेवलं. मी तर जितकी कडू होता येईल तितकी कडू झाले. त्याने डोळे मिटले.

‘गोड आहे,’ तो म्हणाला. ‘अकरा वर्षं झाली की. लाव.’

मी हादरलेच. आणि माझा स्वभाव तुम्हाला माहीतच झालाय. मी म्हटलं, इथे काहीतरी पाणी मुरतंय. छुनलायने याला फितवलंय. भावाचा मुलगा, शेवटी रक्त रक्ताकडे धावणारच. पोटच्या पोरीला खड्ड्यात घालून हा पुतण्याची चोरी झाकतोय. ज्या एका माणसावर भरवसा ठेवला होता तोही गेला. त्या आठवड्यात मी कोणालाच धड पाऊल टाकू दिलं नाही, दोघांच्याही बुटांना मणभर चिकटले.

बुटांबरोबर मी घरी जाते हे माणसांच्या लक्षात येत नाही. उंबऱ्याशी, चुलीशी, टेबलाखाली, सगळीकडे मी थोडीथोडी असते. पण जे घडलं ते माझ्याच बांधावर घडलं. नांगरणी चालू होती, दुपारी लीशियाने डब्यातून जाड शेवयांचा रस्सा आणला, आणि सोबत दोन बाटल्या, एक सोयाची आणि एक जुन्या काळ्या व्हिनेगरची. दोन्ही सारख्याच काळ्या. फूगनने न बघता एक उचलली आणि वाडग्यात चांगली गळागळा ओतली. ते व्हिनेगर होतं. वास मला सुद्धा झोंबला. लीशिया थांबवायला तोंड उघडत होती, तोवर त्याने घास घेतला. मग दुसरा घेतला. वाडगा तोंडाला लावून तळापर्यंत प्यायला आणि म्हणाला, ‘आज मस्त झालंय.’

लीशिया बापाकडे बघत राहिली. शेवया तिच्या काड्यांवरून घसरून पडल्या तरी तिला समजलं नाही.  ती नजर मी ओळखते, कारण ती माझीच आहे. त्या क्षणी मला कळलं की या पोरीला संशय घेता येतो.

दुसऱ्या दिवशी तिने बापासमोर दोन वाट्या ठेवल्या. एका वाटीत मी होते. दुसरीत पलीकडच्या वाडीतली माती होती, जिथून महिन्या-दीड महिन्यापूर्वीच तीहुआंग खणलं होतं. इतकी कडू की शेळीही तोंड लावणार नाही.

‘बाबा, यातली कोणती तयार आहे?’

फूगनने पहिली चाखली. गोड, म्हणाला. दुसरी चाखली, जरा वेळ घेतला. ‘हीसुद्धा गोड. दोन्ही आपल्याच शेतातल्या ना?’

लीशियाने दुसरी वाटी आपल्याकडे ओढून घेतली. ते पाहून म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

‘दुसरी कुठली?’

‘पलीकडच्या वाडीतली. नुकत्याच खणलेल्या शेतातली.’

त्याने चमचा बाहीला पुसला. पुन्हा पुसला. मग विचारलं, ‘कधी कळलं तुला?’

‘काल. व्हिनेगर प्यायलात तेव्हा.’

‘झटक्यापासून गेली,’ तो म्हणाला. ‘मीठ कळत नाही, साखर कळत नाही. तोंडात कापूस कोंबल्यासारखं वाटतं.’

‘मग इतके दिवस लोकांना सांगत काय होता?’

‘गावातल्या प्रत्येक शेताची वर्षं मला पाठ आहेत. कोणी कधी लावलं, कोणी कधी खणलं, सगळं. जे पाहिलं नाही ते विचारून घेतो. जीभ नुसती दाखवायला.’

‘आणि आपल्या शेताचं?’

‘आपल्या शेताचं काय, तिथे तर मी स्वतः…’ आणि तो थांबला. दोन वर्षं तो स्वतः नव्हता. सगळ्या गावाची वर्षं पाठ असलेल्या माणसाला घरच्याच जमिनीची दोन वर्षं माहीत नव्हती.

मला फार लाज वाटली. मी त्याला फितूर म्हटलं होतं. बिचारा तर रोज पानावर बसून चव लागतेय असं नाटक करत होता, लेकीला वाईट वाटू नये म्हणून आणि गावाने टाकाऊ म्हणू नये म्हणून. त्याने काही लपवलं असेल तर स्वतःचंच दुखणं लपवलं होतं. हे नुसतं संशय घेऊन मला कधी कळलं नसतं. लीशियाने संशय घेतला आणि मग वाट्याही मांडल्या. माझ्यात आणि तिच्यात हा फरक आहे.

तरी फूगन छुनलायवर आळ घ्यायला तयार होईना. माझ्या भावाचं पोर आहे, मका म्हणाला म्हणजे मकाच असणार, हेच त्याचं पालुपद. लीशियाने वाद घातला नाही. थंडी ओसरून छिंगमिंगला पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई झाली, त्याच दिवशी तिने दोन कुंड्या भरल्या. एकीत मी, दुसरीत नदीच्या बंधाऱ्याकडची माती, जिने कधीच तीहुआंग पाहिलं नव्हतं. दोन्हींत एकाच मुळाचे दोन तुकडे लावले. गावात बाकीच्यांची लावणी उरकली, लोक विचारू लागले की तुझं बेणं खड्ड्यात सुकवायचं ठरवलंयस का, आणि शहरातून नवऱ्याचे फोन येऊ लागले. ती रोज सकाळी कुंड्यांसमोर बसायची. मला काय करता येणार होतं? रोप जगावं असं मला मनापासून वाटत होतं. पण माझ्या अंगात जे होतं ते होतं. पाचव्या आठवड्यात माझ्या कुंडीतली पानं कडेने पिवळी पडली.

तिने दोन्ही रोपं उपटली आणि छुनलायच्या ओट्यावर नेऊन ठेवली. फूगन मागोमाग काठी टेकत गेला. छुनलाय लसूण सोलत बसला होता. एका रोपाखाली बोटाएवढं मूळ धरलं होतं. दुसऱ्याखाली नुसते केस. इथल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्याने हातातला लसूण खाली ठेवला.

‘एकच वर्ष लावलं गं,’ तो म्हणाला. ‘माझी सगळी जमीन विटलेली होती. आणि काका परत उठतील असं डॉक्टरसुद्धा म्हणत नव्हते.’

लीशियाच्या बुटांच्या तळाशी मी होते. ती एक पाऊल पुढे सरकली ते मला कळलं. पण बोलला तो फूगन.

‘उठलो ना मी,’ तो म्हणाला. ‘आता काय करायचं, तूच सांग.’

 आत चुलीशी त्याची बायको रडायला लागली. फूगनने आवाज चढवला नाही, पण अट सांगितली. बंधाऱ्याकडची तीन मू जमीन, जी छुनलायने मागाहून भाड्याने घेऊन स्वतःसाठी राखून ठेवली होती आणि जिच्यावर गहू उभा होता, ती गहू निघाला की लीशियाची. बदल्यात मी छुनलायची, माझी दहा वर्षं पुरी होईपर्यंत. ज्याने विटवली त्यानेच सांभाळायची.

मला कोणी विचारलंच नाही. ज्याने मला लुबाडलं त्याच्याच हवाली केलं, आणि लीशिया दुसऱ्या मातीकडे गेली. गव्हाच्या धसकटांत उशिरा लावलेलं तीहुआंग बारीक राहतं, तसंच तिचं राहिलं. पण हिवाळ्यात व्यापाऱ्याने पहिलं मूळ आडवं कापलं तेव्हा आत शेवंती होती. लीशियाने तो तुकडा बापाच्या हातात दिला. तिचा नवरा नववर्षाला आला तो आपल्या कामाचे कपडेही घेऊन आला. ती परत जाणार नाही हे त्याने ओळखलं होतं. मला आनंद झाला, आणि बंधाऱ्याकडच्या त्या मातीचा मत्सरही वाटला. दोन्ही खरं आहे.

छुनलायने माझ्यात न्यूशी, ही दुसरी एक औषधी मुळी, लावलीय. त्या लांब मुळ्यांना माझा काही त्रास नाही, वर्षानुवर्षं त्याच जागी आनंदाने वाढतात. तो बरा वागतोय, वेळेवर पाणी देतो, तण काढतो. माझं लक्ष आहे त्याच्यावर. चार ओळी मका लावला की मी लगेच सावध होते.

परवा छिंगमिंग झालं. थडग्यांवरून परतताना बापलेक माझ्याकडे आले. फूगन आता शहात्तरचा आहे. बांधावर उकिडवं बसणं त्याला जमत नाही, म्हणून लीशियाने त्याच्यासाठी बुटकं स्टूल आणलं होतं. खणलं तिने. चिमूटभर मला जिभेवर ठेवलं, आणि अगदी बापासारखे डोळे मिटले.

‘कशी लागते?’

‘आधी काहीच नाही,’ ती म्हणाली. ‘मग मागे, घशाकडे… कडू.’

‘घाई करू नकोस. थुंकल्यावर काय राहतं ते बघ.’

ती थुंकली, थांबली. ‘कडूच.’

फूगन हसला. पुष्कळ दिवसांनी मी त्याला हसताना पाहिलं. ‘म्हणजे अजून पाच वर्षं,’ तो म्हणाला. ‘तोवर मला राहावंच लागेल. तुझी जीभ खरी की खोटी, कोण बघणार?’

तो दरवर्षी येणार म्हणतो. आणि तुम्हाला सांगते, वर्षांच्या बाबतीत मी कोणाचाच भरवसा धरत नाही, शहात्तरच्या माणसाचा तर नाहीच. तुम्ही आता उठा. जाताना बूट बांधावरच झटका, मला कुठे नेऊ नका. आणि प्रयोगशाळेतून मला लवकर गोड करायचं काही औषध निघालं असेल, तर ते एवढ्यात इकडे आणू नका. आयुष्यभर मला हा कडूपणा जावा असंच वाटत आलं. या वर्षी पहिल्यांदा वाटलं, राहू दे अजून थोडा.